दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेतले काळे सैनिक खरंच लढले होते का? त्यांच्याबद्दल कुठेच काही ऐकायला का येत नाही?

लढले होते, आणि तेही आपल्या दारात, बर्मा फ्रंटवर. आपल्याला इंफाळ-कोहिमा माहीत असतं, मणिपूरमधल्या सांगशाकला आपली मराठा पलटण होती हेही कुणीतरी सांगितलेलं असतं, पण तिथेच लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीत नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), सिएरा लिओन, केनिया वगैरेंतून आलेले ९० हजारांहून जास्त आफ्रिकन होते हे मला पण तिशी उलटल्यावर कळलं.

८१ व्या वेस्ट आफ्रिकन डिव्हिजनला आराकानच्या (बर्माचा पश्चिम किनारा) कलादान खोऱ्यात पाठवलं, तिथे रस्ताच नाही. मग जानेवारी १९४४ मध्ये यांनीच कुदळ-फावडी घेऊन जवळपास १२० किमीचा जीप जाईल एवढा रस्ता डोंगरातून काढला, तो संपला की पुढे सगळं सामान माणसांच्या डोक्यावर, रसद विमानातून पडेल ती. जिथे उल्लेख सापडतो तिथे यांना 'हमाल' म्हणून एका ओळीत उरकलेलं असतं. अहो, त्या हमालांवर पण गोळ्या झाडल्या जातच होत्या ना!

आयझॅक फडोयेबो हा नायजेरियन पोरगा सोळाव्या वर्षी भरती झाला, मेडिकल ऑर्डर्ली, म्हणजे जखमींची देखभाल करणारा. मार्च १९४४ मध्ये नदीकाठी जपान्यांनी अचानक गाठलं, मांडीचं हाड मोडलं, सोबतचे बरेच गेले. तो आणि सिएरा लिओनचा डेव्हिड कार्गबो मागेच राहिले. शुयिमान नावाच्या गावकऱ्याने दोघांना जपानी हद्दीत लपवून खाऊ घातलं, डिसेंबरपर्यंत. जपान्यांना कळलं असतं तर त्याच्या घरादाराचं काय झालं असतं विचार करा.

ऐकायला का येत नाही म्हणाल तर लिहिणारे बहुतेक गोरे अधिकारी, आणि स्वतंत्र झालेल्या देशांना ही साहेबाची लढाई वाटली, आपल्याकडे पण थोडंफार तसंच झालं. सैन्यातून सुटताना मिळणारी बक्षिसीची रक्कम सुद्धा रंग बघून, काळ्या शिपायाला गोऱ्याच्या साधारण एक तृतीयांश. २८ फेब्रुवारी १९४८ ला गोल्ड कोस्टची राजधानी अक्रामध्ये माजी सैनिक गव्हर्नरकडे अर्ज द्यायला निघाले, हातात शस्त्र नाही, तर पोलिसांनी गोळीबार केला. सार्जंट अजेते, कॉर्पोरल अटिपो, प्रायव्हेट ओदार्ते लॅम्प्टी हे तिघे जागीच गेले. शहर पेटलं, आणि १९५७ ला घाना स्वतंत्र झाला.

आयझॅक लंगडत का होईना घरी पोचला. २०११ च्या सुमारास एक ब्रिटिश पत्रकार त्याचं आभाराचं पत्र घेऊन बर्मातल्या त्या गावात गेला. शुयिमान तोवर वारला होता, पत्र घरच्यांना वाचून दाखवलं.