एड्सखर डाइकस्ट्रा यांची प्राध्यापक म्हणून कारकीर्द कशी होती?

सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याच्या रीतीमुळे डच संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांचे नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण ती रीत त्यांना प्राध्यापक होण्यापूर्वीच, १९५६ मध्ये, अॅमस्टरडॅममधील एका कॅफेत वाग्दत्त वधूसोबत कॉफी घेताना, कागद-पेन्सिलीवाचून सुमारे २० मिनिटांत सुचली होती.

लायडन येथे भौतिकशास्त्र शिकत असतानाच, १९५२ मध्ये, ते अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. हा व्यवसाय तेव्हा इतका अपरिचित होता की १९५७ मध्ये विवाहनोंदणी करताना अधिकाऱ्यांनी तो मान्य केला नाही आणि त्यांना ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहावे लागले. १९५९ मध्ये पीएचडी मिळाली. १९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले, तेही गणिताचे, आणि तेथेच मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी एक ऑपरेटिंग सिस्टिम उभारली. १९७२ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांनी बरोज या संगणक कंपनीची संशोधनवृत्ती स्वीकारली, तरी दर मंगळवारी विद्यापीठात होणारी सहकाऱ्यांसोबतची चर्चा सोडली नाही.

१९८४ पासून निवृत्तीपर्यंत ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात होते. तेथे ते फळा-खडूने शिकवत आणि परीक्षा तोंडी घेत. माझ्या मते त्यांचे अध्यापन सर्वाधिक दूर पोहोचले ते मात्र टिपणांमधून: फाउंटन पेनने सुबक अक्षरात लिहिलेली, क्रमांक घातलेली १,३०० हून अधिक टिपणे, ज्यांच्या छायाप्रती ते परिचितांना टपालाने पाठवत आणि परिचित त्या पुढे इतरांना देत.