पहिला कॅमेरा घेतोय. बॉडीवर जास्त खर्च करू की लेन्सवर?

लेन्सवर. बॉडी चार-पाच वर्षांत बदलावीशी वाटते, चांगली लेन्स त्याच माउंटच्या (बॉडीवर लेन्स बसवायच्या जोडाच्या) पुढच्या बॉडीवरही चालते. म्हणून बॉडी निवडताना खरं तर तुम्ही माउंट निवडत असता. त्या माउंटच्या लेन्स सहज आणि सेकंडहँड मिळतात का, ते आधी बघा. मेगापिक्सेलचा विचार सोडून द्या, २४ भरपूर झाले. कॅमेरा हातात धरून मात्र नक्की पाहा. पकड अवघडली तर तो कपाटातच राहतो.

सुरुवातीला एपीएस-सी (फुल-फ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा लहान) सेन्सरची बॉडी आणि सोबत मिळणारी १८-५५ मिमी किट लेन्स पुरते. तिची अडचण संध्याकाळी घरात कळते. ५५ला झूम केलं की अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) बहुतेक एफ/५.६ वर येतं, म्हणजे लहान होतं, शटर मंदावतं आणि पळणाऱ्या मुलाचा चेहरा हलतो. एफ/१.८ची प्राइम लेन्स (झूम न होणारी, छिद्र जास्त मोठं उघडणारी) त्याच उजेडात साधारण दहापट प्रकाश आत घेते. हा फरक पहिल्यांदा स्क्रीनवर दिसतो तेव्हा फार आनंद होतो!

दुसरी लेन्स म्हणून सगळे ५० मिमी सुचवतात. एपीएस-सीवर ती फुल-फ्रेमवरच्या जवळपास ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे समोरचं जास्त जवळ दिसतं. पोर्ट्रेटला छान, पण लहान खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. घरात जास्त फोटो काढणार असाल तर ३५ मिमी घ्या. घाई नको. महिनाभर किट लेन्सवर फोटो काढा आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (लेन्सचा हा मिमीचा आकडा) तपासा. जो आकडा सारखा दिसेल, त्याच्या जवळची प्राइम घ्या.