पाच माणसं, सामान आणि एसी, एवढं सगळं असताना हायब्रिड कार पुणे-कोकण प्रवासात खरंच २८ चं अ‍ॅव्हरेज देते का?

नाही देत. आमची मारुतीची ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्हीवर चालणारी. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेस्टचा आकडा लिटरला २७.९७ किमी, पण ती टेस्ट वेगळी असते, त्यात स्पीड ९० च्या वर जातच नाही आणि टपावर बॅगा पण नसतात. आम्ही मे महिन्यात पुणे-सावंतवाडी, तिथून मालवण-वेंगुर्ला करून परत, एकूण १०४० किमी फिरलो, टाकी फुल करून निघालो ते परत फुल करेपर्यंत ४८.६ लिटर लागलं म्हणजे २१.४ पडलं. भरलेल्या गाडीला हे मला छानच वाटतं.

पण जाताना कोल्हापूरपर्यंत १००-११० ने हाणली तर स्क्रीनवर १८-१९ च दिसत होतं. पुण्यात रोज ऑफिसला हीच गाडी २४ देते, कारण ट्रॅफिकमधे इंजिन बंद होऊन गाडी बॅटरीवर सरकते आणि ब्रेक मारला की थोडी चार्ज होते, हायवेला ब्रेकच लागत नाही मग चार्ज कुठून होणार, आणि वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो. त्यात बॅटरीमुळे डिकी लहान, म्हणून आम्ही कॅरियर लावला, तो वारा अडवतो ते वेगळंच. येताना बायकोने ८५ वर ठेवली, बॅगा टपावरच होत्या (डिकीत आंब्याच्या पेट्या!), तरी कोल्हापूरच्या पुढे २२-२३ मिळालं.

घाटाचं नीट समजून घ्या. आंबोलीहून सावंतवाडीला साधारण ६०० मीटर उतरतो, माणसं-सामान धरून गाडी १६०० किलो, म्हणजे अडीच युनिटच्या वर ऊर्जा होते, आणि बॅटरी आहे जेमतेम पाऊण युनिटची. ती अर्ध्या घाटातच भरते, पुढचं सगळं वाया. भरली की गाडी इंजिनच्या जोरावर वेग रोखून धरते आणि उतारावर इंजिन मोठ्याने ओरडायला लागतं, आई घाबरलीच होती, पण त्यात बिघाड काही नसतो. अशा उतारावर गियर बी वर (उतारावर वेग रोखायचा मोड) टाका, ब्रेक तापत नाहीत.

एसी बंद करून पोरांना उकाड्यात बसवू नका, त्याने फार काही वाचत नाही. निघायच्या आधी सकाळी टायर थंड असताना फुल लोडची हवा भरा, दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, आणि कॅरियरशिवाय भागत असेल तर बघाच.