दमाचा पंप की दम्याचा पंप?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून शिक्षकाचा प्रश्न आला आहे. शाळेच्या आरोग्य फलकावर ‘दमाचा पंप’ लिहावं की ‘दम्याचा’? गावात सगळे ‘दमाचा’च म्हणतात. शिवाय तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धेआधी एका धडधाकट पोराने त्यांना विचारलं, “गुरुजी, दमाचा पंप मारला त दम वाढते काय?”

लिहायचं ‘दम्याचा’. घोडा-घोड्याचा, वाडा-वाड्याचा, तसं दमा-दम्याचा. अकारान्त शब्दाचं रूप वेगळं होतं: हात-हाताचा, दम-दमाचा. बोलण्याच्या ओघात ‘म्या’तला ‘य’ निसटतो. मग आजाराचं औषध कानाला ताकदीचं औषध वाटू लागतं. त्या पोराने शब्दाचा अर्थ बरोबरच लावला, पण शब्दच चुकीचा ऐकला होता.

‘दम’ मूळचा फारसी, अर्थ श्वास. शम-दम यातला संस्कृत ‘दम’ निराळा, तो निग्रहाचा. फारसी दमाचा संसार आपल्याकडे फार वाढला. दम लागतो, दम खातो, दम धरतो, एका दमात विहीर चढून येतो, कुणी कुणाला दमही देतो. श्वास, टिकाव, धीर आणि धमकी एकाच अक्षरजोडीत बसले. ‘दमा’ मात्र एका आजारालाच चिकटून राहिला.

आता पोराच्या प्रश्नाकडे. या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असतं. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले असतील तर ते सैल करणं, एवढंच त्याचं काम. दम्यात ते आवळलेले असतात, म्हणून आराम पडतो. निरोगी लेकराचे स्नायू मुळातच बहुतांशी सैल असतात. मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे किंचित ताण राहतो, तेवढाच काय तो सुटतो.

पंपाने किती फरक पडतो, हे फुंकायला लावून मोजतात. माझ्या भाच्याची ही तपासणी मी शेजारी बसून पाहिली आहे. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि तपासणाऱ्या ताई सारख्या ओरडताहेत, “फुंक, फुंक, अजून फुंक!” मग पंपाचे झोत दिले, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा तेच फुंकणं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, ते दोन्ही वेळा मोजतात. दहा वर्षांचं निरोगी लेकरू साधारण २ लिटर सोडत असेल, तर औषधानंतर थोडे टक्केच वाढ दिसते, म्हणजे पन्नास-साठ मिलिलिटरच्या आसपास. वाढ १२ टक्क्यांच्या वर गेली तर डॉक्टरांचा दम्याचा संशय बळावतो. म्हणजे आकडा निरोगी मुलातही हलतो, पण धावायचा दम त्याने वाढत नाही. निरोगी पोरगं थकतं ते हृदय आणि पायांचे स्नायू यांची मर्यादा आली म्हणून. श्वासनलिका त्याच्या पुरेशा मोकळ्याच असतात. उलट या औषधाने छाती धडधडते आणि हात थरथरतात.

इथे एक जुना शब्द मला फार आवडतो. आयुर्वेदातल्या चरकाने श्वासाच्या त्रासाचे पाच प्रकार सांगितले. त्यातला तमकश्वास आपल्या दम्याच्या जवळचा. क्षुद्रश्वास म्हणजे श्रमाने लागलेली धाप, बसलं की आपोआप ओसरणारी. स्पर्धेतल्या पोराला लागते ती हीच.

‘पंप’ हा शब्द राहू द्या. कपाशीवर फवारणी करणाऱ्या गावाला ‘पंप मारणे’ शिकवावं लागत नाही. कागदी भाषेत त्यातल्या औषधाला ‘श्वासनलिका विस्फारक’ म्हणता येतं, तेही अचूक आहे. विस्फारलेले डोळे आपण म्हणतोच, तशा विस्फारलेल्या नळ्या. पण फलकावर ते कोणी वाचणार नाही.

फलकावर एवढंच लिहा: “दम्याचा पंप डॉक्टरांनी ज्याला दिला त्यानेच घ्यावा. ज्याला दिला आहे, त्याने खेळाच्या दिवशी तो घरी विसरू नये.” दुसरं वाक्य गाळू नका, गुरुजी. वर्गात एखाद्याला खरंच दमा असेल, तर त्याचा पंप कुणी ‘ताकदीचं औषध’ म्हणून हिसकावता कामा नये.