वाचकांचे प्रश्न : चाकांची सॅक घ्यावी का?

प्रश्न : मी नाशिकची निवृत्त शिक्षिका असून माझे वय ५८ आहे. ऑगस्टमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी मुंबईहून विमानाने डेहराडूनला आणि तेथून गाडीने ऋषिकेश, जोशीमठ, गोविंदघाट असे करत व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पाहायला जाणार आहोत. मला पाठीचे जुने दुखणे आहे. विमानतळावर ओढता यावी आणि डोंगरात पाठीवर घेता यावी म्हणून माझा मुलगा मला ६० लिटरची, चाके आणि पाठीचे पट्टे दोन्ही असलेली सॅक भेट देणार आहे. किंमत बरीच आहे. ती घ्यावी का?

उत्तर : या प्रवासासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच सॅकमध्ये दोन्ही सोयी असल्या की दोन्ही कामे होतील, हा हिशेब दुकानात पटतो. पायवाटेवर मात्र चाकांचा काहीच उपयोग नसतो आणि त्यांचे वजन पाठीवरच राहते. ५० ते ६० लिटरच्या चांगल्या साध्या ट्रेकिंग सॅकचे रिकामे वजन साधारण दीड ते दोन किलो असते. तेवढ्याच मापाच्या चाकांच्या सॅकमध्ये चाके, बाहेर ओढून काढायचा धातूचा दांडा आणि हे सारे पेलणारा टणक सांगाडा असल्यामुळे ती रिकामीच साडेतीन ते चार किलोंपर्यंत जाते. दिवसभराचे पाणी आणि रेनकोट यांचे मिळून जितके वजन होईल, तितके तुम्ही काहीही भरण्याआधीच जादा उचललेले असते.

वजनाहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे सॅक पाठीला कशी बसते. चांगल्या ट्रेकिंग सॅकमध्ये बहुतेक भार खांद्यांवर न राहता रुंद आणि गादी असलेल्या कंबरपट्ट्यामार्फत नितंबांच्या हाडांवर उतरतो. खांद्याचे पट्टे सॅक पाठीला धरून ठेवण्यापुरते असतात, आणि खांद्यावरून वर सॅककडे जाणारे दोन छोटे पट्टे तिचा माथा मागे झुकू देत नाहीत. चाकांच्या सॅकमध्ये ही रचना नीट साधत नाही, कारण पाठीच्या बाजूला दांड्याच्या दोन नळ्या असतात, चाकांमुळे खालचा भाग जड आणि टणक असतो, आणि पट्टे चेन लावून आत लपवता यावेत म्हणून ते पातळ ठेवावे लागतात. अनेक नमुन्यांत कंबरपट्टा निव्वळ नावापुरता असतो. अशी सॅक घेऊन रेल्वेच्या पुलावरून पलीकडे जाणे किंवा हॉटेलचे दोन जिने चढणे सहज जमते. पाच तासांच्या चढाला मात्र ती मुळीच योग्य नाही, आणि ज्यांची पाठ दुखते त्यांना तर नाहीच.

आता तुमचा मार्ग टप्प्याटप्प्याने पाहा. नाशिकच्या घरापासून गोविंदघाटच्या मुक्कामापर्यंत सामान टॅक्सीत, विमानात आणि जीपमध्ये असेल. फार तर विमानतळावरील गुळगुळीत फरशीवर ते तुम्हाला ओढावे लागेल. ऋषिकेशपासून गोविंदघाट सुमारे २७० किलोमीटर आहे आणि बऱ्याचशा गाड्यांत मोठे सामान टपावर बांधतात. ऑगस्टच्या पावसात त्यावर ताडपत्री असली तरी सामान थोडेफार भिजतेच, म्हणून बॅग कोणतीही असो, आतले कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधावेत. गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत गाडी जाते. पुढे घांगरिया या मुक्कामाच्या गावापर्यंतची सुमारे १० किलोमीटरची वाट दगडांनी बांधलेली असली तरी ओबडधोबड आहे. खेचरांच्या ये-जा करण्याने आणि पावसाने ती निसरडी होते. घांगरिया साधारण ३,००० मीटरवर आहे, म्हणजे गोविंदघाटपासून तुम्ही हजार मीटरहून अधिक चढलेल्या असता. फुलांच्या दरीत मुक्कामाला परवानगी नसल्याने रोज घांगरियाहून जाऊन संध्याकाळी परतायचे असते. हेमकुंड साहिब या शीख तीर्थस्थानाचा चढही तेथूनच सुरू होतो.

याचा अर्थ असा की मोठी बॅग डोंगरात नेण्याची गरजच नाही. गोविंदघाटच्या हॉटेलांत आणि गुरुद्वारात सामान ठेवण्याची सोय होते. घरात असलेली साधी ट्रॉली बॅग तेथपर्यंत न्या आणि ठेवा. पुढच्या तीन दिवसांसाठी २५ ते ३० लिटरची हलकी, पण खरा कंबरपट्टा असलेली सॅक घ्या. मुलाला भेट द्यायचीच असेल तर त्याने ही द्यावी. तिच्यात कपड्यांचा एक कोरडा जोड, एक गरम थर, चांगला रेनकोट किंवा पोंचो, पाणी, औषधे, टोपी, विजेरी आणि खाऊ एवढेच जावे. तीन दिवसांना तीन जोड कपडे न्यावेत असे वाटते, पण पावसाळी हवेत धुतलेले काही वाळत नाही आणि ओलसर कपड्यांचे ओझे नुसते वाढत जाते. त्यापेक्षा चालण्याचा एक जोड आणि झोपण्याचा एक कोरडा जोड हे जुने तंत्र बरे. सर्व मिळून वजन ५ ते ६ किलोंच्या आत ठेवावे. एरवी देहाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे चालते असे डोंगरभटके मानतात. तुमच्या पाठीला दहावा हिस्सा पुरे. तेही नको असेल तर पुलन्याहून पिट्ठू (पाठीवरून ओझे नेणारा माणूस) किंवा खेचर करता येते, आणि ते करण्यात कमीपणा काही नाही.

ही छोटी सॅक घेताना लिटरपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची असते. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड ठळक लागते, तेथपासून नितंबांच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर घरी कोणाकडून तरी टेपने मोजून घ्या. उंची सारखी असलेल्या दोन व्यक्तींची ही लांबी पुष्कळ वेगळी असू शकते, म्हणून मैत्रिणीला बसलेली सॅक तुम्हालाही बसेलच असे नाही. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून काहीही कळत नाही. तिच्यात पाच किलो वजन भरायला सांगा, आधी कंबरपट्टा हाडांवर आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा, आणि पंधरा-वीस मिनिटे दुकानातच फिरा. जिना असेल तर चढा-उतरा. विक्रेता कंटाळला तरी हरकत नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये मी मुंबईहून काठमांडूमार्गे एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणार आहे. सामान भारवाहक नेणार असल्याने माझ्या पाठीवर ओझे नसेल. मग चाकांची मोठी सॅक घेण्यात काय अडचण?

उत्तर : अडचण तुमच्या पाठीची नसून भारवाहकाच्या पाठीची आहे. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, भारवाहक सहसा दोघा पाहुण्यांच्या बॅगा एकत्र बांधतो आणि कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या, म्हणजे नाम्लोच्या, आधाराने पाठीवर नेतो. टणक सांगाड्याची आणि चाकांची बॅग नीट बांधता येत नाही, ती त्याच्या पाठीत रुतते, आणि तिचे दोन जादा किलो तुमच्या कामाचे काहीच न नेता तो रोज चढवत असतो. अनेक आयोजक म्हणूनच चाकांच्या बॅगा नाकारतात.

दुसरी गोष्ट लुकलाच्या, म्हणजे जेथून पायी चालणे सुरू होते त्या गावाच्या, विमानाची. तेथील धावपट्टी ५२७ मीटरची आहे, विमाने छोटी असतात, आणि हातातले सामान धरून माणशी साधारण १५ किलोंचीच मुभा असते: १० किलो मोठ्या बॅगेत आणि ५ किलो हातात. त्या १० किलोंतले ४ किलो रिकाम्या बॅगेलाच देणे परवडणारे नाही. एप्रिल हा गर्दीचा हंगाम असल्याने ही विमाने बहुधा काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथलीहून सुटतात. तेथे पोहोचण्यासाठी मध्यरात्रीनंतर निघून चार ते पाच तास गाडीने जावे लागते, त्यामुळे बॅग अंधारात उचलायची, टाकायची आणि पुन्हा उचलायची तयारी हवी.

तुम्हाला ७० ते ८० लिटरची मऊ, मजबूत कापडाची डफल बॅग घ्यावी लागेल; तिला वरून धरायला आणि वेळप्रसंगी पाठीला लावायला साधे पट्टे असले म्हणजे झाले. शहरी कपडे आणि परतीचे सामान वेगळ्या बॅगेत काठमांडूच्या हॉटेलवर ठेवावे. ती बॅग चाकांची असायला काहीच हरकत नाही. स्वतःच्या पाठीवर ३० लिटरच्या आसपासची सॅक घ्या आणि गरम जॅकेट, रेनकोट, पाणी व औषधे तिच्यातच ठेवा, कारण भारवाहक तुमच्या किती पुढे किंवा मागे असेल याचा नेम नसतो.

प्रश्न : आम्ही पुण्याचे दांपत्य जूनमध्ये दहा दिवस स्वित्झर्लंडला जात आहोत. झुरिचला उतरून रेल्वेने वेंगेनला जायचे, तेथेच राहायचे आणि रोज एकेक पायवाट चालायची असा बेत आहे. आम्हालाही चाकांची सॅक नकोच का?

उत्तर : तुम्हाला ती जरूर शोभेल, किंबहुना तिचा खरा उपयोग अशाच प्रवासात आहे. झुरिच विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे, पण पुढे इंटरलाकेन आणि लाउटरब्रुनेनला गाड्या बदलाव्या लागतात, फलाट बदलताना जिने किंवा उतार येतात, आणि मोटारबंदी असलेल्या वेंगेनमध्ये स्थानकापासून मुक्कामापर्यंतची वाट चढाची असू शकते. सपाट जागी ओढायचे आणि जिन्यापाशी दोन मिनिटे पाठीवर घ्यायचे, एवढ्याच कामासाठी ही सॅक बनलेली असते. एकदा ती खोलीत ठेवली की दहा दिवस तिला हात लावायचा नाही.

घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे चाके. ती मोठ्या व्यासाची, खालच्या कोपऱ्यांत खोल बसवलेली आणि स्क्रूने काढून बदलता येणारी असावीत. चहूबाजूंना फिरणारी चार छोटी चाके दगडी फरसबंदीवर टिकत नाहीत. दुसरी म्हणजे पट्टे लपवायचा पडदा. चेक-इनच्या वेळी लोंबते पट्टे सरकत्या पट्ट्यावर अडकून फाटतात, म्हणून हा पडदा पूर्ण बंद होणारा हवा. शिवाय चिखलाने माखलेली चाके पाठीला किंवा पँटला लागू नयेत यासाठीही आवरण असावे. तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. अशा सॅकला पुढे चेनने जोडलेली १५ लिटरची छोटी पिशवी मिळते आणि तीच चालण्यासाठी वापरता येईल असे सांगितले जाते. बहुधा ती चपटी असते, तिला कंबरपट्टा नसतो, आणि मोठ्या सॅकला जोडलेली असताना सारा भार पाठीपासून लांब मागे ओढते. तिच्यावर विसंबू नका. आल्प्समध्ये जूनमध्येही हवा तासाभरात पालटते आणि गरम कपडा, रेनकोट, पाणी यांना जागा लागते. चालण्यासाठी वेगळी २० ते २५ लिटरची सॅक घडी करून सामानात टाका.

प्रश्न : चाकांच्या सॅकवर ‘केबिन साइझ, ४० लिटर’ असे लिहिले असेल तर ती विमानात हाती नेता येतेच ना? (ठाणे)

उत्तर : येतेच असे नाही. कंपन्यांची मापे वेगवेगळी असतात. देशांतर्गत विमानांत लांबी, रुंदी, जाडी अनुक्रमे ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन ७ किलो असा सर्वसाधारण नियम दिसतो. या मापात चाके आणि बाहेर राहणारी मूठही मोजतात, तर लेबलवरचे माप कधी कधी केवळ पिशवीचे असते. तेव्हा घरी टेप लावून जमिनीपासून मुठीपर्यंत मोजा आणि तिकीट ज्या कंपनीचे असेल तिचा नियम पाहा. वजनाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. रिकामी सॅक ३ किलोंची असेल तर तुमच्या वस्तूंसाठी ४ किलोच उरतात आणि ४० लिटरची जागा अर्धी रिकामी ठेवावी लागते. साधी दीड किलोची सॅक घेतली तर तेच साडेपाच किलो होतात.

सॅक हाती न्यायची असो वा चेक-इन करायची, काही वस्तूंची जागा ठरलेली आहे. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. १०० वॉट-अवर (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) पर्यंतची सहसा चालते, त्यापुढे १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. चालायच्या काठ्या चेक-इनमध्ये द्याव्यात. चुलीचे गॅसचे डबे दोन्हीकडे चालत नाहीत, म्हणून ते मुक्कामी पोहोचूनच विकत घ्यावेत; लायटर आणि काडेपेटीही घरीच ठेवावी. बॅग पट्ट्यावरून घेतल्यावर चाके आणि दांडा तेथेच फिरवून पाहा. तुटलेले आढळले तर विमानतळ सोडण्याआधीच सामानाच्या कक्षात लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, कारण आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, आणि चाके व मुठी यांची झीज भरून द्यायला बऱ्याच कंपन्या नकार देतात.