पुणे ते सासवड: वारीतील एक दिवस

संपूर्ण वारी शक्य नाही, एकच दिवस चालायचे आहे, तेव्हा पुणे ते सासवड ही मजल झेपेल का, असे आपण विचारले आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर मी ती तीनदा चाललो आहे. झेपेल, असेच मी सांगेन. मात्र सुमारे ३० किलोमीटरची ही वाटचाल सोहळ्यातील मोठ्या मजलांपैकी एक आहे.

पालखी सकाळी लवकर भवानी पेठेतून निघते. हडपसरपर्यंतचा रस्ता सपाट असूनही मला तोच सर्वांत जड गेला, कारण गर्दीत दहा पावले चालले की थांबावे लागते आणि थांबलेले पाय पुन्हा उचलताना पोटऱ्या भरून येतात. म्हणून एकट्याने वाट काढत जाऊ नका. दिंडीप्रमुखांना विचारून एखाद्या दिंडीत, टाळकऱ्यांच्या मागे चाला. रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे इतर दिंड्या आपापल्या क्रमाने चालतात, त्यामुळे ओळीतल्या माणसाला सारखी गती मिळते, आणि अभंगाच्या ठेक्यावर पाऊल पडू लागले की किती चाललो याचा हिशेब मनातून सुटतो. पायांत वापरातली, सैल झालेली पादत्राणेच असू द्या. पहिल्या वर्षी नव्या बुटांनी माझ्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या. बहुतेक वर्षी हा दिवस एकादशीचा असतो, तेव्हा उपवास करणार असाल तर शेंगदाण्याचे लाडू जवळ ठेवा.

वडकीनंतर दिवे घाट लागतो. चढासाठी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि वळणावरून मागे पाहिले की खालपर्यंत पताकाच पताका दिसतात. अनेक जण घाटमाथ्यावरूनच परततात. मला ते पटत नाही. माथ्यानंतर बघ्यांची गर्दी विरळ होते, वारा अंगावर येतो, दिंड्यांमधून हरिपाठ सुरू असतो आणि शेजारचा अनोळखी वारकरी आपल्या शेतातल्या पेरणीविषयी बोलू लागतो.

सासवडला पोहोचल्यावर कितीही थकला असाल तरी समाजआरतीला थांबा. चोपदारांनी दंड उंचावताच एवढ्या समुदायातले टाळ-मृदंग एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि ती ऐकून घेतल्यावरच पुढे जाता येते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, मग आरती होते.

त्या रात्री वाहतूक वळवलेली असते, म्हणून शक्य झाल्यास सासवडलाच राहा आणि सकाळी सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन घेऊन परता.