डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या, पात्र होऊन खेळायच्या खेळात हीलर म्हणजे बरं करणारं पात्र करायचं आहे, पण मागे राहून फक्त जखमा भरणारी नको. ती नायिका वाटावी यासाठी काय करू?

सगळ्यात आधी एक ठरवा: तुमची हीलर कोणाला ‘नाही’ म्हणणार नाही? वर्ग (म्हणजे पात्राचा पेशा), फासे, चिलखत नंतर बघता येईल.

मी फोंड्याची. आमचा पाच जणांचा गट रविवारी दुपारी आमच्या बल्कावात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत, खेळायला बसतो. माझं हीलर पात्र जानकी मला सुचली ती कवळ्याच्या शांतादुर्गेवरून. शिव आणि विष्णू यांचं युद्ध पेटलं तेव्हा देवी मध्ये उभी राहिली आणि दोघांना शांत केलं, अशी कथा आमच्याकडे सांगतात. तिच्या हातांतले दोन नाग म्हणजे तेच दोघे. जानकीची शपथ तिथून आली: पडलेला माणूस कोणाच्या बाजूचा, हे ती उपचार झाल्यावर विचारणार.

ती सत्तरीच्या रानातली, आजीच्या हाताखाली शिकलेली. हगवणीला कुड्याची साल, खोकल्याला अडुळसा, अंगावर पित्त उठलं तर भिरंडाची (कोकमाची) सोलं. हे सगळं मी घरीच ऐकलेलं. माझी आजी औषधाला वखदच म्हणायची. खेळताना ‘मी बरं करते’ एवढंच म्हणण्यापेक्षा ‘मी पाला ठेचते, त्याचं डोकं मांडीवर घेते’ असं सांगितलं की टेबलावरचे सगळे पुढे सरकून ऐकतात. तुमच्या घरात असं काही ऐकलं असेल तर तेच वापरा.

आता नियम. आम्ही २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे खेळतो. क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा वर्ग घ्या, आणि त्यातली लाइफ डोमेन ही जीव वाचवणारी शाखा घ्या. त्यात जड चिलखत मिळतं, म्हणजे पुढे जाऊन उभं राहता येतं. पात्राच्या गुणांमध्ये विझडम (शहाणपण) सर्वात जास्त, त्याखालोखाल कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा). पहिल्या लेव्हलला मंत्रांचे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, दोनच असतात, म्हणून साध्या खरचटण्यावर ते घालवू नका. ब्लेस हा मंत्र टाकलात तर तीन जणांच्या हल्ल्यांना आणि सेव्हना (संकटातून वाचायच्या फाशांना) चार बाजूंच्या फाशाची जोड मिळते, त्याने पुष्कळ जखमा होण्याआधीच टळतात. हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र मात्र हवाच. तो साठ फुटांवरून लागतो आणि बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे आपल्या पाळीतल्या जोडकृतीत होतो, त्यामुळे मुख्य ॲक्शन हातात राहते.

या शिल्लक ॲक्शनमुळेच जानकीचा माझ्या मते सर्वात मोठा क्षण घडला. पुलावरच्या लढाईत आमचा फायटर (गटातला योद्धा) हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, शून्यावर येऊन कोसळला, आणि त्याच्यावर बाण सोडणारा पोरगेला शिपाईही. माझ्याकडे शेवटचा स्लॉट होता. लांबूनच फायटरवर हीलिंग वर्ड टाकला, तो उठला. मग बाणांच्या माऱ्यातून तीस फूट पळत जाऊन हीलर्स किटने, म्हणजे मलमपट्टीच्या पिशवीने, शिपायाचं रक्त थांबवलं. फायटर खेळणारा मित्र माझ्यावर चिडला, खराच चिडला. मला वाटतं, जानकी नायिका झाली ती तेव्हा. शपथेची किंमत तिला आपल्याच माणसाच्या रागात मोजावी लागली. काही तासांनी शिपाई शुद्धीवर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते पाण्यासाठी. तिने पाजलं.

किटची किंमत पाच सोन्याची नाणी, ते दहा वेळा वापरता येतं, आणि शून्यावर गेलेल्याला स्थिर करायला, म्हणजे मरणापासून थांबवायला, फासा टाकावा लागत नाही. पहिल्याच दिवशी विकत घ्या.

एक गोष्ट डीएमशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी, आधीच बोलून घ्या. बहुतेक टेबलांवर शत्रू शून्यावर गेला की लगेच मेला असं धरतात. तुमच्या शत्रूंनाही डेथ सेव्ह, म्हणजे शून्यावर गेल्यावर जीव वाचतो का ते ठरवणारे फासे, द्यायला सांगा, निदान ज्यांना चेहरा आणि नाव आहे त्यांना तरी. नाहीतर जानकीसारख्या पात्राला शपथ पाळायला समोर कोणी उरतच नाही.